गगनवीर इंद्रलाल रॉय

माणूस १९०३ साली प्रथम यंत्राच्या साहाय्याने आकाशात उडाला, आणि अकरा-बारा वर्षांतच त्या आकाशाचे रणांगण झाले. पहिल्या महायुद्धातील बहुतेक विमाने म्हणजे लाकडाचा सांगाडा व त्यावर ताणून बसविलेले कापड. पेट्रोलच्या टाकीला गोळी लागली की पाहता पाहता सारे विमान पेट घेई. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना हवाई छत्रीही दिली जात नसे. त्यामुळे जळत्या विमानातून सुटकेचा मार्गच नव्हता. १९१७ च्या एकट्या एप्रिल महिन्यात ब्रिटिशांनी सुमारे २४५ विमाने गमावली. नेमक्या त्याच महिन्यात इंद्रलाल रॉय हा अठरा वर्षांचा बंगाली तरुण त्यांच्या वैमानिक दलात दाखल झाला.

इंद्रलालचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्यास झाला. वडील बॅरिस्टर होते. मुलाचे शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स विद्यालयात झाले. दृष्टी अधू असल्याचे कारण देऊन दलाने प्रथम त्याला नाकारले. तेव्हा त्याने आपली मोटारसायकल विकली, त्या पैशांतून एका नामवंत नेत्रतज्ज्ञाकडून डोळे तपासून घेतले आणि आधीचा निर्णय फिरवून घेतला.

फ्रान्समधील ५६ व्या तुकडीत असताना ६ डिसेंबर १९१७ रोजी त्याचे विमान कोसळले. असे सांगतात की, त्याला मृत समजून शवागारात ठेवण्यात आले. शुद्धीवर येताच त्याने आतून दार ठोठावले, आणि तेथील रखवालदाराची भीतीने गाळण उडाली! यानंतर दुसरा कोणी स्वस्थ बसता. इंद्रलाल मात्र प्रकृती सुधारेपर्यंत विमानांची चित्रे काढीत राहिला. डॉक्टरांनी उड्डाणास अपात्र ठरविले असताही त्याने पिच्छा सोडला नाही. शेवटी जून १९१८ मध्ये त्याला ४० व्या तुकडीत जॉर्ज मॅकेलरॉय या कसलेल्या आयरिश वैमानिकाच्या हाताखाली पाठविण्यात आले.

६ ते १९ जुलै या अवघ्या चौदा दिवसांत शत्रूच्या दहा विमानांवरील विजय त्याच्या नावे नोंदले गेले. त्यांपैकी काही सोबत्यांच्या मदतीने मिळविलेले. ८ जुलैला तर चार तासांच्या आत तीन विमाने! त्या विमानांतही तरुण मुलेच बसलेली होती, हे मात्र तो आकडा वाचताना विसरवत नाही.

२२ जुलै १९१८ रोजी कार्व्हिन गावावर जर्मन फोकर विमानांशी झुंजताना त्याचे विमान पेटले व शत्रूच्या प्रदेशात कोसळले. इंद्रलालने तेव्हा विसावे वर्षही पूर्ण केले नव्हते. मुंबईचे वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर हे जूनअखेरीसच शत्रूच्या कैदेत जखमांनी मरण पावले होते. आणि पुढे नऊच दिवसांनी मॅकेलरॉयही पडला.

सप्टेंबरमध्ये इंद्रलालला 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' मरणोत्तर देण्यात आला. तो मिळविणारा तो पहिला भारतीय. त्याचा भाचा सुब्रतो मुखर्जी हा १९५४ साली भारतीय वायुसेनेचा पहिला भारतीय प्रमुख झाला.

फ्रान्समधील एस्तेव्हेल या खेड्यात इंद्रलालची समाधी आहे. तिच्यावरील लेख फ्रेंच आणि बंगाली अशा दोन भाषांत कोरलेला आहे.