कादंबरीकार हरिभाऊ आपटे

मराठी कादंबरीला ज्यांनी घरचे रूप दिले, त्या हरि नारायण आपटे यांचा जन्म खानदेशातील पारोळे येथे ८ मार्च १८६४ रोजी झाला. मातृसुख त्यांना फार थोडे लाभले. पुढे पुण्यास चुलते महादेव चिमणाजी आपटे यांच्या छायेत त्यांचे पालनपोषण व शिक्षण झाले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर व आगरकर यांच्यासारखे गुरू मिळाले. १८८२ साली शास्त्रीबुवा निवर्तले तेव्हा या अठरा वर्षांच्या शिष्याने त्यांच्यावर विलापकाव्य रचले. इंग्रजी व संस्कृत वाङ्मयात ते रमले, परंतु गणिताने दगा दिला आणि पदवी काही हाती लागली नाही. पदवीवाचून राहिलेल्या आमच्यासारख्यांस ही गोष्ट थोडी सुखावते, हे कबूल केले पाहिजे. चुलत्यांनी १८८८ साली स्थापिलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था पुढे त्यांच्याकडे आली. जुन्या संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनाचे ते काम त्यांनी अखेरपर्यंत पाहिले.

१८८५ साली 'मधली स्थिती' या कादंबरीने त्यांच्या लेखनाचा प्रारंभ झाला. १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले व ते १९१७ पर्यंत चालविले. घरातील लहानथोर स्त्रीपुरुषांनी वाचावे, असे ते पत्र होते. 'पण लक्षात कोण घेतो' ही यमूची कहाणी त्यातूनच प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध झाली. आमच्या घरी वडिलांची एक बालविधवा आत्या होती. तिचा डोक्यावरचा पदर कधी ढळत नसे. त्याचे कारण आम्ही तिला कधी विचारले नाही. विद्यार्थिदशेत यमूची कहाणी वाचून संपविली त्या दिवशी ते आम्हांस उमगले, आणि मग तिच्याकडे मान वर करून पाहण्याचे धैर्य पुष्कळ दिवस झाले नाही.

याच कारणाने हरिभाऊंवर आमचा कित्येक वर्षे राग होता. ज्या लेखणीने यमू निर्माण केली तिने माजघर सोडून गडकिल्ल्यांवर का जावे? वर्गात मुलांपुढेही आम्ही हे मत ठासून मांडले आहे. सेवानिवृत्तीनंतर सर्व कादंबऱ्या क्रमाने पुन्हा वाचल्या, तेव्हा ते मत आम्हांस सोडावे लागले.

त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी 'म्हैसूरचा वाघ' ही मेडोज टेलर या इंग्रज लेखकाच्या टिपू सुलतानावरील कादंबरीच्या आधाराने लिहिलेली होती. स्थळ परके व कथाही उसनी. तिच्यात हात बसला असेल, मन बसलेले दिसत नाही. त्यानंतर आली 'उषःकाल'. काळ शिवरायांच्या उदयाचा, भूमी आपली. १८९६ साली रायगडावर शिवोत्सव झाला त्याच सुमारास ही कथा 'करमणुकी'तून चालू होती. तीत लढाया आहेत, भुयारे आहेत, वेषांतरे तर जरा अधिकच आहेत. परंतु खरा पेच आहे तो बाप आणि मुलगा यांच्यात. बाप विजापूरच्या बादशहाचे इमान सोडावयास तयार नाही आणि मुलाचे मन शिवबांकडे ओढ घेते. दोघेही आपापल्या परीने सज्जन, म्हणूनच वाचकाचा जीव टांगणीस लागतो. माजघरातले भांडणच गडावर गेले आहे, हे आम्हांस पूर्वी दिसले नव्हते.

'गड आला पण सिंह गेला' ही १९०३ सालची कादंबरी सर्वांच्या परिचयाची आहे, तिजविषयी अधिक लिहीत नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात असे यश मिळाल्यावर दुसरा लेखक तेथेच स्थिरावला असता. हरिभाऊ 'रूपनगरची राजकन्या' लिहिण्यासाठी रजपुतांकडे वळले आणि 'चंद्रगुप्त' मध्ये तर थेट मगधात पोहोचले. तेथेही चाणक्याच्या राजनीतीइतकेच महत्त्व आहे ते राजवाड्यात अन्याय सोसलेल्या मुरादेवीच्या सूडाला. नंदांचे राज्य उलथते त्याची पहिली ठिणगी अंतःपुरातील.

शेवटच्या काळातील 'वज्राघात' हिला आम्ही सर्वांत वरचे स्थान देतो. कथा विजयनगरच्या नाशाची. १५६५ ची तालिकोटची लढाई आम्ही तीस वर्षे मुलांकडून पाठ करून घेतली, सन चुकल्यास छडीही मारली, पण त्या लढाईत काय बुडाले याची कळ आम्हांस या पुस्तकाने लावली. रामराजाने तारुण्यात मेहेरजानला टाकले. तिचा मुलगा रणमस्तखान शत्रुपक्षात वाढला आणि तोच बापावर उलटला. इतिहास म्हणून हे कोणी मान्य करणार नाही. तरीही स्त्रीला दिलेले वचन मोडल्याचे मोल यमूच्या घराने दिले तसे येथे एका साम्राज्यास द्यावे लागते. लेखकाने स्थळे बदलली, काळ बदलला, तक्रार बदलली नाही.

दोषही होते. दर आठवड्यास अंक भरावयाचा, त्यामुळे पाल्हाळ झाला. काही कथा अर्धवट राहिल्या, 'कालकूट' ही त्यांपैकीच. शिवाय पुणे नगरपालिकेचे काम होते. त्या संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. १९१२ साली अकोला येथील साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्नावे वर्ष पुरे होण्यास पाच दिवस उरले असता, त्यांचे निधन झाले.

आमच्या आत्याला अक्षरओळख नव्हती. 'वज्राघात' तिला वाचून दाखवावी असे आता फार वाटते, परंतु ती जाऊन पुष्कळ वर्षे झाली.