पंडिता रमाबाई आणि केडगावचे कृपासदन

पंडिता रमाबाईंच्या चरित्राची चर्चा मराठीत बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली आहे : त्यांचे धर्मांतर आणि १८९३ मधील शारदासदनाचा वाद. या दोन घटनांच्या छायेत त्यांच्या कार्याचा एक महत्त्वाचा भाग दुर्लक्षित राहिला. तो म्हणजे समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी केडगाव येथे उभारलेले कृपासदन. त्याचा मागोवा घेतला म्हणजे रमाबाईंचे धर्मांतर आणि त्यांचे स्त्रीविषयक कार्य यांचा आंतरिक संबंध उलगडतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. मातेकडून ती विद्या रमाबाईंकडे आली. तीर्थयात्रा, पुराणकथन आणि दारिद्र्य यांत बालपण गेले. दुष्काळात आईवडील मृत्यू पावल्यावर रमाबाई आणि बंधू श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी त्यांचा नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ मध्ये पतीचे निधन झाले. त्यानंतर पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयाने राहिल्या. या संघाच्या लंडनमधील फुलहॅम येथील आश्रमास त्यांनी दिलेली भेट निर्णायक ठरली. एकेकाळी ‘बिघडलेल्या’ म्हणून त्याज्य ठरलेल्या स्त्रिया तेथे रुग्णांच्या सेवेत आयुष्य वेचताना त्यांनी पाहिल्या. धर्मशास्त्रे मुखोद्गत असलेल्या या विदुषीला अशा स्त्रियांसाठी शास्त्रांत दंड आढळला होता, पुनर्वसन आढळले नव्हते. या करुणेचे मूळ कशात, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखविली. त्यांच्या आत्मकथनात हा प्रसंग बाप्तिस्म्याच्या आधी येतो, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्यांच्या धर्मांतरामागे तत्त्वचिंतनाइतकाच पतित स्त्रीच्या वाट्यास येणाऱ्या न्यायाचा प्रश्नही होता.

हा प्रश्न प्रत्यक्ष कार्यात उतरण्यास मात्र सोळा वर्षे लागली. अमेरिकेतील निधीच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. हे सदन मुख्यत्वे उच्चवर्णीय विधवांसाठी होते. तत्कालीन सुधारणावादाची सीमाही तीच होती. निष्पाप विधवा करुणेस पात्र ठरत होती. बाजारात विकली गेलेली स्त्री सुधारकांच्या कार्यक्रमाबाहेरच होती. १८९३ मध्ये धर्मप्रसाराच्या आरोपावरून रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले आणि रमाबाई पुण्यातील सुधारकवर्गापासून दुरावल्या. या दुराव्याने त्यांचे कार्य संकोचले नाही, त्याची सीमा रुंदावली. वृंदावनात यात्रेकरूच्या वेषात जाऊन त्यांनी विधवांचे शोषण पाहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील अन्नछत्रांत व अनाथगृहांत भुकेल्या मुलींना फसविणारे दलाल त्यांच्या दृष्टीस पडले. तेथून आणलेल्या शेकडो मुलींसाठी केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. यांतील अनेकींवर आधीच अत्याचार झालेले होते. त्यांच्यासाठी १८९९ मध्ये कृपासदन हा स्वतंत्र विभाग निघाला. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

सदनांच्या नावांतून रमाबाईंच्या विचारांचा प्रवास दिसतो. ‘शारदा’ ही विद्येची देवता. तेथे ज्ञानाने उद्धार अभिप्रेत आहे. ‘मुक्ती’ हा भारतीय परंपरेतील शब्द ख्रिस्ती तारणाचा आशय घेऊन येतो. ‘कृपा’ या शब्दात पात्रतेचा प्रश्नच मिटतो : कृपा मिळवावी लागत नाही, ती दिली जाते. कर्मफलाच्या कल्पनेने जिचे दुःख तिचेच पाप ठरविले, तिच्यासाठी याहून नेमके नाव सापडणे कठीण. तथापि या व्यवस्थेत पश्चात्तापाची अपेक्षा आणि कडक धार्मिक शिस्त होती. स्त्रीला बाजारात लोटणाऱ्या पुरुषाऐवजी स्त्रीनेच शुद्ध व्हावे, हा त्या काळच्या मिशनरी नीतीचा ताण येथेही जाणवतो. पण रमाबाईंनी तिला केवळ प्रार्थना दिली नाही. मुक्तीमध्ये विणकाम, शेती, शिवणकाम आणि छपाई यांचे शिक्षण होते. म्हणजे परतीची वाट बंद करणारी उपजीविका होती.

उत्तरायुष्यात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर केले. मुक्तीच्या छापखान्यात त्याचे खिळे तेथील स्त्रियांनीच जुळविले. संस्कृतची पदवी मिरविणाऱ्या पंडितेने अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी भाषा हेतुतः निवडली, ही मराठी गद्याच्या इतिहासातही नोंदण्याजोगी गोष्ट आहे. १९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. त्या आघातातही भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या.

१९६० मध्ये नाशिकहून प्रसिद्ध झालेल्या देवदत्त नारायण टिळकांच्या चरित्रग्रंथाने मराठी वाचकाला त्यांची पुन्हा ओळख करून दिली. तरीही प्रबोधनाच्या इतिहासात विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण यांना जे स्थान लाभले, ते कृपासदनाला लाभले नाही. ज्या स्त्रियांना सुधारणेच्या यादीत जागा नव्हती, त्यांना इतिहासाच्या पानांतही ती मिळू नये, ही उणीव रमाबाईंच्या कार्याची नसून त्याच्या मूल्यमापनाची आहे.