तिसऱ्या खेपेला मॅट्रिक

स्मरणिकेसाठी कर्करोगावरील संशोधनाबद्दल काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. नव्या औषधांची नुसती यादी देण्यापेक्षा, ज्यांच्या कामापासून ही वाट सुरू झाली त्यांच्याबद्दल लिहावे असे मला वाटले. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवताना मी दरवर्षी त्यांचे नाव फळ्यावर लिहीत आलो: डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

आपल्या नाशिककडून निघालेली गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या त्रिभुज प्रदेशातल्या भीमावरमला १२ जानेवारी १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. घरची ओढगस्त. अभ्यासात मन नाही. शाळकरी वयात एकदा ते पैसे कमवायला काशीच्या वाटेला लागले होते. आईने त्यांना परत आणले. मॅट्रिकला ते दोनदा नापास झाले आणि तिसऱ्या खेपेला मद्रासहून पास झाले. पुढे मद्रास मेडिकल कॉलेजात गांधीजींच्या प्रभावाने त्यांनी शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा अंगरखा घातला. इंग्रज प्राध्यापकांची मर्जी गेली आणि एमबीबीएसऐवजी त्यांना एलएमएस या कमी दर्जाच्या पदवीवर समाधान मानावे लागले. त्याच सुमारास स्प्रू नावाच्या आतड्याच्या विकाराने त्यांचा भाऊ गेला. तेव्हा त्या रोगावर औषध नव्हते.

१९२२ च्या ऑक्टोबरात ते बोस्टनला पोहोचले. खिसा रिकामा, म्हणून रात्री रुग्णालयात पडेल ते काम आणि दिवसा हार्वर्डमध्ये शिक्षण. सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी रक्त आणि लघवीतला फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली. १९२५ सालची ती पद्धत माझ्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांनी प्रयोगशाळेत गिरवली आहे. १९२७ मध्ये स्नायूंतले फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये एटीपी त्यांनी वेगळे केले. पेशीच्या ऊर्जेचे चलन म्हणून आपण पाठ केले तेच हे एटीपी. एवढे करूनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले या औषध कंपनीत गेले.

पुढच्या भागाचा एक धागा आपल्या मुंबईत आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणातल्या रक्तक्षयाचा अभ्यास करायला मुंबईत आली. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे तिने दाखवून दिले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे फॉलिक आम्ल. ते कारखान्यात तयार करण्यात सुब्बाराव यांच्या चमूला १९४५ मध्ये यश आले. भावाचा बळी घेणाऱ्या स्प्रूवरही ते लागू पडले.

बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांवर उपचार करत होते. फॉलिक आम्लाच्या वर्गातली औषधे दिल्यावर रोग उलट बळावतो, असे त्यांना दिसले. पेशीला दुभंगताना नवा डीएनए घडवावा लागतो आणि त्यासाठी फॉलिक आम्ल लागते. मग त्याच्यासारखा दिसणारा पण काम न करणारा पदार्थ दिला तर? कुलुपात चुकीची किल्ली अडकावी तसा तो एंझाइममध्ये अडकतो आणि भराभर वाढणाऱ्या पेशींची कोंडी होते. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने असा पदार्थ बनवून दिला, अमिनोप्टेरिन. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांचा अहवाल छापला. त्यांपैकी १० मुलांमध्ये रोग काही काळ हटला होता. काही महिन्यांचेच आयुष्य वाढले, पण रक्ताचा कर्करोग औषधाने मागे हटतो, हे जगाला दिसले.

दोन महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव झोपेतच हृदयविकाराने गेले. वय ५३. पत्नी शेषगिरी भारतातच राहिल्या. १९२२ नंतर पतीची भेट झाली नाही. त्यांचा मुलगा तर तान्हेपणीच गेला होता. ही किंमत त्यांच्या गौरवात सहसा कोणी मांडत नाही, ती मांडली पाहिजे.

अमिनोप्टेरिनचे भावंड मेथोट्रेक्सेट. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही देतात, आणि आपल्यातही संधिवातासाठी आठवड्याला एकदा ही गोळी घेणारे असतील. हत्तीरोगाच्या मोहिमेत गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत वाटलेली डीईसीची गोळीही त्यांच्याच चमूची. २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या कार-टी उपचाराला भारतात मान्यता मिळाली. रुग्णाच्याच पेशी कर्करोगाशी लढायला तयार करणारा हा उपचार रक्ताच्या कर्करोगावरचाच आहे. १६ मुलांपासून सुरू झालेली वाट इथवर आली.

स्नेहमेळाव्यासाठी आपण पत्ते गोळा केले, तेव्हा दहावी पास झालेल्यांचे बहुतेक सगळे मिळाले. नापास होऊन मागे राहिलेल्यांची नावे मात्र यादीत जवळजवळ नाहीतच. सुब्बाराव आपल्या शाळेत असते, तर पहिल्या दोन निकालांनंतर तेही या यादीतून गळले असते. तेव्हा गुरुजनहो आणि मित्रहो, पुढच्या मेळाव्याआधी जुनी हजेरीपुस्तके काढून ती नावे शोधू या. फोन करायचे काम मी घेतो.