भूकंपाचा हिशेब मांडणारा प्राध्यापक : तचू नाइतो

कोठेही नवे बांधकाम पाहा. आधी कॉलम उभे राहतात, मग त्यांवर बीम येतात. दोहोंची गाठ पडते तो हातभर सांधा कोणाच्या नजरेत भरत नाही; पण भूकंपात इमारतीचे प्राण तेथेच अडकलेले असतात. जमीन डावी-उजवीकडे हलू लागली की तो चौकोन तिरपा ओढला जातो, त्यावर फुलीसारख्या चिरा पडतात, आतले काँक्रीट भरडते, सळ्यांची पकड सुटते आणि मजल्यावर मजला बसतो. हा सांधा कधी दगा देईल याचे गणित सुटण्याच्या कितीतरी आधी तचू नाइतो यांनी त्याच्यावरचा भारच हलका करण्याची वाट शोधली.

त्यांचा जन्म १८८६ साली जपानमधील यामानाशी प्रांतात झाला. टोकियोच्या विद्यापीठात ते जहाजबांधणी शिकायला गेले. पण रशियाशी झालेले युद्ध संपून त्या धंद्यात मंदी आली, तेव्हा ते वास्तुशास्त्राकडे वळले. (बाजारभाव पाहून शाखा बदलणारे विद्यार्थी तेव्हाही होते तर!) तेथे प्रा. सानो हे गुरू लाभले. १९१० साली पदवी घेऊन ते पुढे वासेदा विद्यापीठात शिकवू लागले.

१९१७ साली ते अमेरिकेस गेले. तेथील उंच इमारतींच्या हिशेबात वाऱ्याचा जोर धरलेला असे, भूकंपाचा नसे. याच प्रवासातली एक हकिकत सांगतात. सामान जास्त झाले म्हणून नाइतोंनी ट्रंकेतले आडवे-उभे पडदे काढून टाकले, आणि आगगाडीच्या प्रवासात ट्रंक मोडली. पडदे होते तोवर तीच ट्रंक समुद्रप्रवासातही शाबूत राहिली होती. जहाजाच्या पोटातही असेच पडदे असतात, हे त्यांना शिकावे लागले नाही. इमारतीच्या सांगाड्यात योग्य जागी काँक्रीटच्या भक्कम भिंती घातल्या, तर आडवा धक्का त्या घेतील आणि सांध्यांवरचा ताण उतरेल, हे त्यांनी गणिताने मांडले.

परीक्षा लवकरच झाली. त्यांच्या हिशेबाने बांधलेली जपान औद्योगिक बँकेची इमारत १९२३ साली पुरी झाली, आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला दुपारी बाराला दोन मिनिटे असताना टोकियो हादरले. लाखावर माणसे गेली, बरीचशी आगीत. बँक जवळजवळ अभंग राहिली. त्याच भागात अमेरिकन कंपनीने बांधलेल्या नव्या इमारतींना मोठी इजा झाली.

तरीही वाद उठलाच. इमारत ताठ नको, लवचीक हवी, असे नौदलातील अभियंता माजिमा यांचे म्हणणे. मला वाटते, त्यांचेही चूक नव्हते. १९६८ मधील कासुमिगासेकीची ३६ मजली इमारत लवचीकपणाच्याच तत्त्वावर उभी राहिली. पण ते गणित संगणकाचे. नाइतोंचे गणित खिशात मावणाऱ्या स्लाइड रूलवर सुटत असे. १९५८ चा ३३३ मीटरचा टोकियो टॉवरही त्यांचाच. २०११ च्या भूकंपात त्याच्या अँटेनाचे टोक तेवढे वाकले.

१९७० साली नाइतो वारले. सांध्याच्या प्रयोगशाळेतील चाचण्यांना तेव्हा कोठे वेग येत होता. सांध्याच्या आतही रिंगा घालाव्यात असे बजावणारी भारतीय संहिता १९९३ ची. पण २००१ साली भूजच्या भूकंपात दूर अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या. खाली मोटारींसाठी मोकळे खांब आणि भिंती सगळ्या वर, अशी त्यांतील कित्येकींची रचना होती.

स्वतःचे घर नाइतोंनी १९२६ साली टोकियोत बांधले, तेही काँक्रीटच्या भिंतींच्याच आधारावर. आज ते वासेदा विद्यापीठाकडे आहे.