रविवार कोणी आणला?

रविवारी सकाळी आमच्या हॉस्टेलवर कोणाला आठच्या आधी उठवून दाखवा! मेसचे पोहे संपले तरी चालतील, पण झोप मोडायची नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे रविवारची सुट्टी चर्चमुळे आली अशीच माझी पक्की समजूत होती. सरकारी ऑफिसांपुरतं ते खरंही असेल. पण मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो १० जून १८९० रोजी, आणि तो कोणी फुकट दिला नव्हता. त्यामागच्या माणसाचं नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडेंचा जन्म १८४८ चा. मॅट्रिकपर्यंत शिक्षण, मग रेल्वे आणि पोस्टात नोकरी, आणि पुढे मुंबईच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर. तिथे त्यांनी कामगारांचे हाल रोज डोळ्यांनी पाहिले. तेव्हा विजेचे दिवे नव्हते, म्हणून सूर्य उगवला की गिरणी सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात हा दिवस तेरा तासांचा व्हायचा. रविवारी अर्धा दिवस मशीन पुसायला जायचं. (आम्ही वर्कशॉपच्या तीन तासांत घड्याळाकडे दहा वेळा बघतो.) लोखंडे महात्मा फुल्यांचे सहकारी होते, सत्यशोधक. १८८० मध्ये त्यांनी ‘दीनबंधू’ हे वर्तमानपत्र हातात घेतलं आणि कामगारांचे प्रश्न छापायला सुरुवात केली.

आता या गोष्टीत मँचेस्टर येतं. दावरशेटजींनी १८५४ मध्ये मुंबईच्या पहिल्या गिरणीची उभारणी सुरू केली. पुढच्या पंचवीस वर्षांत मुंबईचं सूत चीनच्या बाजारात मँचेस्टरला भारी पडू लागलं. मशीन इंग्लंडचीच, पण कापूस इथला आणि मजुरी अगदी स्वस्त. कामं आपल्या देशातून दुसरीकडे चालली, ही बोंब आज अमेरिकेत ऐकू येते, तेव्हा ती मँचेस्टरात होती. तिथल्या मालकांनी दोन मागण्या लावून धरल्या : हिंदुस्थानने परदेशी कापडावरची आयात ड्यूटी काढावी आणि इथल्या गिरण्यांना कामाच्या तासांचा कायदा लावावा. ड्यूटी १८८२ पर्यंत पूर्ण गेली. ड्यूटी काढली की कोणाचं भलं होतं आणि कोणाचं वाटोळं, हे मानवतच्या कापूसवाल्याला शिकवायला नको. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बाहेरच्या कापसावरची ११ टक्के ड्यूटी वर्षअखेरपर्यंत काढली, तेव्हा गिरण्यावाले खूश होते आणि शेतकरी चिडले होते.

कायदाही १८८१ मध्ये आला, पण तो लहान मुलांपुरताच. ७ ते १२ वर्षांच्या पोरांना ९ तास काम! मोठ्या माणसांबद्दल त्यात काही नाही. आपला परभणी तर तेव्हा निजामाच्या राज्यात, इथे तो लागूच नव्हता.

इथे खरी पंचाईत झाली. मालक बहुतेक आपलेच, पारशी आणि गुजराती. बरीच राष्ट्रीय बाण्याची पत्रंही त्यांच्या बाजूने होती. कामगारांचा कळवळा हे मँचेस्टरचं ढोंग आहे, कायदा कडक झाला तर देशी धंदा बुडेल, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर ते अर्धं बरोबरच होतं, मँचेस्टरला कामगाराशी काय देणंघेणं? पण या भांडणात कामगाराला कोणी विचारतच नव्हतं. लोखंडेंनी विचारलं. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० जणांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, अपघात झाला तर भरपाई. बस्स, एवढंच मागितलं. त्याच वर्षी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ निघाली. ना वर्गणी, ना घटना, ना सभासदांचं रजिस्टर. तिला संघटना म्हणावं का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

सहा वर्षं दाद लागली नाही. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले आणि त्यात दोन बायकांनीही भाषणं केली. मला हा प्रसंग सगळ्यात जास्त आवडतो. आमच्या गॅदरिंगला स्टेजवर जाताना माझे पाय लटपटतात, आणि या तर गिरणीतल्या बाया! दीड महिन्यात मालकांच्या संघटनेने रविवार मान्य केला. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली, बायकांना ११ तासांची मर्यादा आली. पुरुषांच्या तासांना मर्यादा यायला मात्र १९११ उजाडलं.

लोखंडे तेवढ्यावर थांबले नाहीत. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी न्हाव्यांचा संप घडवला, १८९३ च्या दंगलीनंतर हिंदू-मुसलमानांना एकत्र बसवलं. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर केलं. पुढच्या वर्षी मुंबईत प्लेग आला. ज्यांना शक्य होतं ते गाव सोडून पळाले, गिरण्या ओस पडल्या. लोखंडे तिथेच राहिले, रोग्यांसाठी हॉस्पिटल उभारायच्या मागे लागले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच ते गेले.