४ विकेट शून्यावर पडल्या, तरी जागचा न हललेला सांगलीचा विजय हजारे

बारामती-इंदापूरच्या टेनिस बॉल स्पर्धेत कुणी बॉल नुसता अडवला की बाहेरून ओरडा सुरू होतो. तिथे हवे असतात सिक्स. पण एक काळ असा होता की भारतीय क्रिकेटची अब्रू बॉल अडवणाऱ्या एका माणसावर टिकून होती. विजय हजारे.

जन्म ११ मार्च १९१५, सांगली. मराठी ख्रिश्चन कुटुंब. १९३९-४० च्या रणजी हंगामात पुण्यात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या. भारतीयाचं ते पहिलं त्रिशतक. गंमत म्हणजे पुढे ते बडोद्याचेच झाले.

पण खरा हजारे दिसायचा तो टीम बुडत असताना. १९४३ ची पंचरंगी फायनल घ्या. 'रेस्ट' संघाला फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात टीमच्या ३८७ पैकी ३०९ एकट्या हजारेंच्या! भाऊ विवेकसोबत ३०० ची भागीदारी झाली, त्यात विवेकचा वाटा २१. भाऊ फक्त एक बाजू धरून उभा राहिला, आणि तेवढंच हवं होतं. मॅच मात्र गेली.

१९४८, अ‍ॅडलेड. ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाने ६७४ ठोकले. हजारेंनी पहिल्या डावात ११६ काढल्या. फॉलोऑननंतर मंकड आणि अमरनाथ शून्यावर गेले. समोर लिंडवॉल आणि मिलर. हजारेंनी पुन्हा १४५ केल्या. एका टेस्टच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. ही मॅचही हरली.

मग असल्या बचावाचा उपयोग काय? उत्तर १९५२ मध्ये मिळतं. फेब्रुवारीत मद्रासला, त्यांच्याच कॅप्टन्सीखाली, भारताने इंग्लंडला हरवून पहिली टेस्ट जिंकली. पहिल्या टेस्टनंतर तब्बल २० वर्षांनी. विकेट मंकडने काढल्या, हे खरं. पण लढत राहायची सवय टीमला आधीच लागली होती.

चारच महिन्यांनी लीड्स. दुसऱ्या डावात धावफलक शून्यावर ४ बाद. नवखा ट्रुमन आग ओकत होता. हजारेंनी ५६ केल्या, दत्तू फडकरने ६४, आणि टीम १६५ पर्यंत गेली.

कॅप्टन्सीच्या ओझ्याने त्यांची बॅटिंग दबली असं जाणकार मानतात. तरी ३० टेस्टमध्ये २१९२ धावा, सरासरी ४७.६५. वर बॉलर म्हणून ब्रॅडमनचा दोनदा त्रिफळा उडवला, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

१८ डिसेंबर २००४ ला बडोद्यात ते गेले. आज त्यांचं नाव ५० ओव्हरच्या ट्रॉफीला आहे, जिथे जो तो फटकेच मारायला उतरतो.