लकव्यानंतर डाव्या हाताने लिहिले पुस्तक. महात्मा फुले यांना ते कसे जमले?

११ मे १८८८ रोजी मुंबईत जोतिराव फुले यांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली. दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणारे, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन करणारे जोतिराव तेव्हा ६१ वर्षांचे होते. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण व्हायचे होते.

उजवा हात का गेला?

मेंदूचा डावा भाग उजवे अंग हलवतो, कारण मेंदूकडून निघालेले बहुतेक चेतातंतू मानेच्या वर बाजू बदलतात. डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला किंवा तिथे रक्तस्राव झाला की उजवे हातपाय लुळे पडतात. तेव्हा स्कॅन नव्हते. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी जोतिरावांवर उपचार केले. मेंदू सुट्या पेशींचा बनलेला असतो, हे स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी त्याच वर्षी दाखवायला सुरुवात केली होती.

डावा हात कसा शिकला?

पेण तालुक्यातील जोह्याच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराचे कसब हातात दिसते, पण साठलेले असते मेंदूत. अक्षरांचेही तसेच. शब्द आणि अक्षरांचे आकार आठवत असतील, तर दुसरा हातही लिहू शकतो. मात्र वळण नव्याने गिरवावे लागते. तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली की पेशींमधील जोडण्या पक्क्या होतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. शाबूत भाग त्यांचे काही काम उचलतात. आजची फिजिओथेरपी याच तत्त्वावर चालते.

जोतिरावांनी डाव्या हाताने लिहून पुस्तक पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. पुस्तक १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

आज झटका आला तर?

तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले, तर लगेच १०८ वर फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. ते कोणाला द्यायचे, हे स्कॅननंतर ठरते. घरी आल्यावर व्यायाम सोडू नका. हाताला हालचाल पुन्हा शिकवायला सरावच लागतो.